कॉर्कचं लोणी आणि मार्कसचं उत्तर

मी सहलीला कमी जातो, सहलीची तयारी जास्त करतो. ऑगस्ट २०२१ मध्ये मात्र तयारीच्या शेवटी खरोखरच एक सहल झाली.

आयर्लंडमधल्या शॅननमध्ये मी आणि मार्कस एका घरात भाड्याने राहतो. मार्कस जमैकाचा, जवळच्या एनिसच्या हॉस्पिटलात नर्स. मी डिप्लोमा अर्धवट सोडलेला, इथे एका कारखान्याच्या गोदामात खोक्यांवरची लेबलं तपासतो. लॉकडाऊनमध्ये दर रविवारी आम्ही एकत्र जेवण केलं: त्याचा नारळाच्या दुधातला राजमा, माझ्या पोळ्या. आता त्याला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून नोकरीचं बोलावणं आलं होतं. तिथे त्याची मावशी आहे. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. ‘जाऊ नकोस’ हे दोन शब्द बोलायचं धाडस माझ्यात नाही, म्हणून शनिवारी त्याला कॉर्क शहर दाखवायचं मी ठरवलं. आयर्लंड इतकं आवडलं पाहिजे की मला काही बोलावंच लागू नये.

शॅननहून लिमरिकमार्गे कॉर्कला थेट बस आहे. तिकीट ऑनलाइन काढा, स्वस्त पडतं. मी दोघांची लसीची प्रमाणपत्रं छापून प्लास्टिकच्या पिशवीत घातली होती, कारण तेव्हा हॉटेलात आत बसायला ती लागत. चालकाने पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाला, “ग्रँड,” म्हणजे इथल्या बोलीत छान, “पण मला फक्त तिकीट पुरे.” मार्कस खिडकीकडे तोंड करून हसला.

पहिलं ठिकाण मी फार विचार करून निवडलं होतं. किल्ला नको, तिथे लढाया असतात. दारूचा कारखाना नको, माझ्या आईला फोटो पाठवायचे असतात. राहिलं लोण्याचं संग्रहालय. लोण्याइतकं निरुपद्रवी जगात काय असणार? आमच्याकडे तर ते देवाला चालतं.

संग्रहालय शॅन्डनच्या चढावर, घंटांच्या चर्चजवळ आहे. चढ दमवणारा आहे, पाणी जवळ ठेवा. आत लाकडी पिंप होती. तिथल्या बाई उत्साहाने सांगू लागल्या. एकेकाळी आजूबाजूच्या गावांचं लोणी इथे यायचं, प्रत तपासली जायची, भरपूर मीठ घालून पिंपात भरायचं आणि जहाजावर चढवायचं.

“कुठे जायचं?” मी विचारलं. लेबल तपासणाऱ्याची सवय.

“अर्ध्या जगात. कॅरिबियन बेटांवर पुष्कळ. खारवलेलं गोमांससुद्धा. साखरेला इतका भाव होता की मळेवाले तिथल्या जमिनीत ऊसच लावायचे. मग खायला बाहेरून आणायचं.”

“मळेवाल्यांना?” मार्कसने विचारलं.

“लोणी आणि चांगलं मांस त्यांना.” बाईंचा आवाज खाली आला. “हलक्या प्रतीचं गुलामांना. परतीच्या जहाजांवर साखर आणि रम.”

मी पिंपाकडे बघत राहिलो. आयर्लंडमधली सगळी ठिकाणं सोडून मी या माणसाला नेमकं इथे आणलं होतं.

मार्कस सावकाश म्हणाला, “म्हणजे माझ्या पणजीच्या पणजीचा डबा इथून यायचा. माझी आजी अजून खारवलेल्या मांसाशिवाय राजमा करत नाही. म्हणते, हेच आपलं खाणं.” मग बाईंना विचारलं, “आणि लोणी करणारे काय खायचे?”

“बटाटे आणि ताक. लोणी विकून जमीनदाराचा खंड भरायचे.”

“त्यांच्यावर कोणाची मालकी नव्हती,” मार्कस म्हणाला.

“नव्हती,” बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी चारदा माफी मागितली. तो म्हणाला, “पिंप तू भरलंस का? मग गप्प बस. भूक लागलीय.”

पुढचं ठिकाण होतं झाकलेली जुनी मंडई. तिथे जरूर जा, पण मसाला घालून खारवलेलं गोमांस पहिल्याच दुकानात टांगलेलं असतं हे आधी माहीत असू द्या. मार्कसने त्याचं सँडविच घेतलं, मी चीजचं. गडबडीत, काहीतरी आठवण हवी म्हणून मी लोणीही घेतलं. हो, लोणीच.

परतीच्या बसमध्ये लिमरिक आलं. मी म्हणालो, “बर्मिंगहॅम बरं असेल. तिथे असलं काही नसेल.”

“बर्मिंगहॅमला गुलामांच्या व्यापारासाठी बंदुका बनायच्या,” तो म्हणाला. “या व्यापाराने हात न लावलेलं गाव शोधायचं तर तुझं शॅननच उरतं. विमानतळाआधी तिथे नुसता चिखल होता.”

तो जाणार की राहणार, हे त्यातून कळेना. रविवारी त्याची ड्यूटी होती. सोमवारी कामावरून आल्यावर विचारायची हिंमत होईना, म्हणून मी लोणी कढवायला घेतलं. इथलं लोणी मीठ घातलेलं असतं, हे संग्रहालयात ऐकूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. तूप वर निथळलं, मीठ सगळं खाली बेरीत उतरलं. लहानपणी आई बेरीवर साखर घालून द्यायची. मी दोन चमचे घातली आणि वाटी मार्कससमोर ठेवली.

ठेवल्यावर कळलं, वाटीत काय आणि काय एकत्र आलं होतं: इथलं खारं लोणी आणि साखर.

त्यालाही कळलं. त्याने चमच्याने थोडं उचललं, चाखलं, डोळे मिटले.

“भयंकर आहे,” तो म्हणाला. “पुढच्या वेळी बिनमिठाचं आण.”

“पुढच्या वेळी म्हणजे?”

“रविवारी. मावशीला सकाळी कळवलंय, येत नाही म्हणून.” आणि वाटी माझ्याकडे सरकवली. “आता अर्धी तू खा.”

खाल्ली. अजूनही जिभेवर आहे.