नवव्या किलोमीटरचं गवत

नेमेसियोच्या पायाला भिंगरी होती, आणि सत्तावीस वर्षं त्याच भिंगरीनं त्याला पोसलं. चाको नावाच्या मुलखाच्या उकाड्यात, जंगलातून गेलेल्या गॅसच्या लाइनवर तो रोज चौदा किलोमीटर चालायचा. जमिनीखाली गळती असली की वरची झाडं पिवळी पडतात. ते पिवळेपण तो लांबूनच हेरायचा. हिरवं दिसलं की वहीत 'ठीक' लिहायचं आणि पुढं चालायचं. एवढंच काम, पण त्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

मग गॅसच्या विहिरीच आटत आल्या. आता देशाचं भलं म्हणे लिथियममध्ये. असेल बाबा! पण भलं जागा बदलतं तेव्हा सामान गरिबालाच बांधावं लागतं. पन्नाशी उलटलेल्या नेमेसियोला उयुनीच्या मिठाच्या मैदानाकाठी धाडलं, लिथियमच्या कारखान्याला गोडं पाणी नेणारी लाइन राखायला. तीन महिने चाचणी. पास झाला तर कायम नोकरी आणि दोन खोल्या, म्हणजे बायकोला, नीदियाला, आणता येईल. नापास झाला तर घरी, आणि घरी काम उरलं नव्हतं.

तिथं त्याला घडीभर चैन पडेना. एकीकडे सगळं पांढरं, दुसरीकडे सगळं करडं. खुरटी झुडपं मुळातच वाळकी. त्यांच्याकडे बघून काय कळणार, कपाळ? एकदा चालायची लाइन तो दोनदा चालायचा, जेवायचासुद्धा उभ्यानं.

"बस की जरा," इंजिनिअर वाल्दा म्हणायचा. "पाइप काय पळून चाललाय?"

ऑक्टोबर लागता लागता नवव्या किलोमीटरला त्याला गवत दिसलं. घोंगडीएवढंच, पण हिरवंगार. गडी चक्क मांडी घालून बसला. मग रोजचा उकडलेला मका आणि सुकं मांस तो तिथंच खाऊ लागला. फोनवर नीदियाला म्हणाला, "अगं, इथंही उगवतं. येताना मिरचीचं बी आण." आणि वहीत रोज तेच, 'ठीक'.

तीन आठवड्यांत ते गवत अंगणाएवढं पसरलं. एके दुपारी शेजारच्या वस्तीवरची म्हातारी, जिला सगळे मानानं दोन्या प्रिमितिवा म्हणत, आपला लोकरी लामांचा कळप हाकत तिथं आली.

"चाकोवाल्या, भला माणूस आहेस हो तू," ती म्हणाली. "तुझ्या आधीचा तर दुसऱ्याच दिवशी पाना घेऊन हजर व्हायचा."

"पाना कशाला?"

म्हातारी त्याच्याकडे बघतच राहिली. "अरे, पाइप गळल्याशिवाय इथं गवत येतं होय?"

नेमेसियोनं गवतात बोटं खोल खुपसली; खाली ओल होती. एकवीस दिवस त्यानं गळतीवर बसून जेवण केलं होतं, आणि एकवीस वेळा 'ठीक' लिहून खाली सही ठोकली होती. चाचणीचे चार दिवस उरले होते.

"गप्प राहा की," ती समजुतीनं म्हणाली. "तुझी नोकरी होईल, माझ्या लामांची पिल्लं जगतील. कोणाला कळतंय?"

"हे पाणी तुमच्याच गावाच्या विहिरींतलं ना?"

"गावाला काय मिळतंय त्यातलं? माझ्या पिल्लांना तरी मिळू दे."

नेमेसियोनं वही काखेत मारली. तो निघाला, परत आला, पुन्हा निघाला. गळती माहीत असून पाठ फिरवायची, हे त्याच्या पायांना जमेचना. शेवटी पायच त्याला थेट कचेरीत घेऊन गेले.

इंजिनिअरनं वही चाळली. "गळतीवर रोज 'ठीक' लिहिलंस?"

"हिरवं होतं, साहेब."

वाल्दा हसला नाही. पाइपचा सांधा बदलला, आणि चाचणी आणखी तीन महिने वाढली. नीदिया फोनवर नुसतं 'बरं' म्हणाली. दोन्या प्रिमितिवानं त्याच्याशी बोलणंच टाकलं.

महिन्याभरानं नवव्या किलोमीटरला पिवळं दिसलं आणि सत्तावीस वर्षांच्या सवयीनं नेमेसियो धावत सुटला. गुडघे टेकून त्यानं मातीत हात घातला. माती ठणठणीत कोरडी होती. पाइप शाबूत होता; गवत तेवढं मेलं होतं. त्यानं हात झटकले. मग वही काढून त्यानं लिहिलं, 'ठीक'.