वाऱ्याचा डोळा

कुणाच्याही घरी आले की काका आधी खिडकी उघडायचे. नमस्कार, चहा, सगळं नंतर. बाहेर जर्मनीतल्या या येना शहराची हाडं गोठवणारी थंडी, आत आमची फोडणी कोंडलेली, आणि हे तावदानं सताड उघडी टाकणार! "वाऱ्याचा डोळा आहे तो, मिटून काय बसलात?" म्हणून आमच्यात त्यांचं नाव खिडकीकाका.

काका मूळचे साताऱ्याचे. इथल्या विद्यापीठात युरोपाच्या उत्तरेकडच्या जुन्या भाषांवर काम करायचे. खिडकीला नॉर्वेजियनमध्ये 'विंदू' म्हणतात. त्याचं जुनं रूप 'विंदाउगा'. विंद म्हणजे वारा, आउगा म्हणजे डोळा. "इंग्रजांनी विंडो तिथूनच उचलला," हे सांगताना घरातलंच कुणी पहिलं आल्यासारखे खुलायचे. हा आउगा आणि आपला 'अक्षि' एकाच कुळातले, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

आणि इथेच माशी शिंकली. गणपतीत काकांचं भाषण ठेवलं, तर आमच्या मंडळाच्या सेक्रेटरींनी पोस्टरवर छापलं, 'नॉर्वेच्या शब्दाची जननी संस्कृत!' काका स्टेजवर चढले तेच तापून. "जननी नाही हो, बहीण! दोघींची आई एक, आणि ती दोघींहून जुनी. बहिणीला आई म्हटल्याने कुणाचा मान वाढत नाही!" सेक्रेटरींनी सरळ माईक काढून घेतला आणि आरती सुरू केली. काकांचं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही.

त्यानंतर काकांना बोलावणं बंद. हळदीकुंकवाला काकूंनाही कुणी विचारेना. काय गुन्हा केला होता हो त्या बाईनं? काका मात्र भेटेल त्याला बजावायचे, "मला नका बोलवू, पण त्या शब्दाची खोटी वंशावळ सांगू नका." एवढंच मागणं होतं त्यांचं.

पुढे एका हिवाळ्यात काका गेले. शोकसभा त्याच हॉलमध्ये. सेक्रेटरी गळा काढून म्हणाले, "हो, काका तापट होते. पण नॉर्वेचा शब्द संस्कृतातून जन्मला, हे त्यांनीच सिद्ध केलं!" काकू पहिल्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या.

माझं डोकंच फिरलं. गेलेल्या माणसाच्या तोंडात खोटं कोंबता? लाज नाही वाटत? मी उठले आणि हॉलच्या सगळ्या खिडक्या धाडधाड उघडल्या.

"अहो, थंडी वाजतेय!" सेक्रेटरी ओरडले.

"वाजू दे. काका आलेत असं समजा. आणि तो माईक काकूंना द्या."

काकूंनी माईक दोन्ही हातांत धरला.

"बहीण," त्या म्हणाल्या, "आई नव्हे. आता होऊ दे तुमची आरती."