खजिनदाराचं कपाट आणि ताईची खुर्ची

गल्लीत त्याला सगळे खजिनदार म्हणत. कुठल्या संस्थेचा तो खजिनदार नव्हता आणि त्याच्या गल्ल्यात खजिना म्हणावा असं कधी काही साठलंही नाही. तो जुने सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करायचा. तळमजल्यावर दुकान, वर घर आणि मधे एक अरुंद लाकडी जिना. दुकानात पाऊल टाकलं की गोंदाचा वास यायचा, काथ्याचा धुरळा नाकात जायचा आणि उताण्या पडलेल्या सोफ्यांमधून वाट काढावी लागायची. त्या सगळ्या पसाऱ्यात रोज न चुकता पुसलेली अशी एकच वस्तू होती, काचेचं कपाट. नाव पडलं होतं ते त्या कपाटामुळे.

सोफा उसवायला घेतला की आधी तो जमिनीवर पांढरी चादर अंथरायचा. मग सोफा उपडा करून खालचं अस्तर कापायचा आणि आत असेल नसेल ते सगळं चादरीवर झटकायचा. हेअरपिना, पेनांची टोपणं, सुटी नाणी, पत्त्यांतला हरवलेला गुलाम. घरोघरी मातीच्या चुली असं लोक नुसतं म्हणतात, त्याने ते चादरीवर पसरलेलं पाहिलं होतं. बंगला असो की भाड्याची खोली, शेंगदाण्याची टरफलं दोन्हीकडे सापडायची.

सापडलेल्या वस्तूंच्या बाबतीत त्याचा एक नियम होता. त्याच सोफ्याच्या जुन्या कापडातून तो छोटी थैली शिवायचा, सगळं तिच्यात भरायचा आणि सोफा पोचवताना थैली सोफ्याच्याच हाताला बांधून द्यायचा. "तुमचं तुमच्या घरी," असं म्हणून तो तिथेच उभा राहायचा. लोक थैली उघडायचे. नाणी खिशात जायची, एखादं कानातलं निघालं तर घरभर आनंदीआनंद व्हायचा. उरलेलं "टाकून द्या हो" म्हणत पुन्हा त्याच्या हातावर यायचं. ते ऐकायलाच तर तो थांबलेला असायचा. मालकाने नको म्हटलेली वस्तू मगच कपाटात जायची आणि ज्या सोफ्यातून ती निघाली त्याच्याच कापडाच्या तुकड्यावर बसायची. कुणाच्या घरातली ते मात्र तो जीव गेला तरी सांगत नसे.

कपाटात खालची अर्धी कवळी होती. दातांच्या खुणा असलेला लाकडी चमचा होता, नाटकातली मिशी होती, दाराच्या घंटेचं बटण होतं. ते बटण सोफ्यात कसं गेलं याचा उलगडा त्या घरातल्या कुणालाच झाला नव्हता. सगळ्यात लाडका होता बुद्धिबळातला काळा घोडा. तो हरवल्यापासून त्या घरात घोड्याच्या जागी बाटलीचं झाकण खेळत होतं. घोडा परत मिळाला तेव्हा आजोबा, मुलगा आणि नातू यांनी आपसात विचार केला आणि "आता झाकणाचीच सवय झालीय" म्हणून घोडा नाकारला. हा किस्सा खजिनदार रंगवून सांगायचा आणि सांगताना दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा.

दुपारच्या चहाला समोरचा घड्याळवाला यायचा. त्याच्याबरोबर कुणी ना कुणी गिऱ्हाईक असायचंच. खजिनदार कपाटातून एक वस्तू काढून टेबलावर ठेवायचा. "ओळखा," तो म्हणायचा, "काय आहे आणि सोफ्यात कुठं सापडलं?" लोक वस्तू हातात घेऊन उलटीसुलटी करायचे, पैजा लावायचे, चहा निवायचा. कुणी खूपच जीव लावला तर ती वस्तू आठवडाभर घरी न्यायला मिळायची. मिशी तर सारखी बाहेरगावीच असायची. हौसेला मोल नसतं असं घड्याळवाला म्हणायचा, आणि निवलेला चहा बदलून मागायचा.

सगळी गल्ली कपाट पाहून गेली होती. पाहिलं नव्हतं ते एकट्या ताईने.

ताई त्याची थोरली बहीण, दहा-बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली आणि तिनेच त्याला वाढवलं. लग्न केलं नाही. शाळेत शिकवलं, आणि असं शिकवलं की गावातले टक्कल पडलेले लोक अजून तिला रस्त्यात पाहिलं की विडी पाठीमागे लपवायचे. सगळ्यांची ती 'बाई' होती. निवृत्त झाल्यावर ती भावाकडे राहायला आली ती दोन ट्रंका आणि हातांची एक खुर्ची घेऊन.

रोज सकाळी ती पेपर घ्यायला जिना उतरून दुकानातून जायची आणि कपाटासमोरून जाताना नजर सरळ दरवाज्यावर ठेवायची. कुणी विचारलंच तर "भंगार आहे ते," एवढंच म्हणायची. खजिनदाराने एकदा कपाट दरवाज्याजवळ हलवलं, तर ती छत्री उघडूनच बाहेर पडली. मग त्याने ते बरोबर जिन्याच्या समोर आणलं. ती कठड्याला धरून, भिंतीकडे तोंड करून, आडवी आडवी उतरली. सत्तरी पार केलेली बाई अशाने पडायची एखाद्या वेळी, म्हणून त्याने ते मुकाट्याने मूळ जागी नेलं. सगळ्या जगाने कौतुक केलं तरी त्याला ते अर्धंच वाटायचं. ताईने एकदा, फक्त एकदा, काचेपाशी थांबावं एवढीच त्याची इच्छा होती. बायकोजवळ त्याने ती बोलून दाखवली होती. ती म्हणाली, "तुमच्या ताईंनी माझ्या स्वयंपाकाला तरी कधी बरं म्हटलंय का?"

दुसरं दुखणं त्या खुर्चीचं होतं. बैठक खचलेली, एका बाजूने काथ्या बाहेर आलेला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं वर आलेला प्रत्येक पाहुणा मनात म्हणत असणार याची त्याला खात्री होती. पण ताई खुर्चीला हात लावू द्यायची नाही.

"दोन दिवसांचं काम आहे गं ताई. नवे पट्टे, नव्या स्प्रिंगा, कापड तुझ्या आवडीचं."

"मी आहे तोवर हिला उसवायचं नाही. मी गेल्यावर काय ती उघड."

"पण का?"

"का म्हणून विचारायचं नाही."

शाळेत हे उत्तर चालायचं, त्यामुळे घरातही चाललं. हट्ट आहे म्हणून त्याने विषय सोडून दिला.

कपाटात मात्र अधूनमधून काहीतरी सरकलेलं असायचं. घोडा कधी काचेकडे तोंड करून असायचा, कधी पाठ करून. खजिनदाराचा संशय घड्याळवाल्यावर होता, कारण दुकानाची दुसरी किल्ली त्याच्याकडे असायची. "मला काय घोड्यांना फिरवायचा धंदा आहे?" घड्याळवाला चिडून म्हणाला आणि दोन दिवस चहाला आला नाही.

मग एका दुपारी वरून दणका ऐकू आला. खजिनदार हातोडी तशीच हातात घेऊन जिना चढला. खुर्चीचे खालचे पट्टे एकदम तुटले होते आणि ताई बैठकीतून आरपार खाली गेली होती. गुडघे हनुवटीला टेकलेले, चष्मा कपाळावर, आणि दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर तसेच ऐटीत. लागलं काही नव्हतं. बायको एका बाजूने आणि तो दुसऱ्या बाजूने ओढू लागले. त्याला हसू आवरेना, आणि ताई म्हणत होती, "हसतोस काय, ओढ!"

ती सुटून उभी राहिली तशी खुर्ची कलंडली आणि फाटलेल्या अस्तरातून काहीतरी घरंगळत बाहेर आलं. एक गोटी. मग सात-आठ गोट्या, पत्र्याची बेडकी, शिट्टी, आरशाचा तुकडा.

"डोळे मीट!" ताई ओरडली.

हा आवाज त्याने लहानपणापासून ऐकला होता. साठी उलटलेल्या माणसाने हातोडी खाली ठेवली आणि डोळे घट्ट मिटले. गोट्या फरशीवरून पळत होत्या, एक भिंतीला आपटून थांबली, ते सगळं त्याला ऐकू येत होतं. ताई गुडघ्यांवर बसून गोळा करत होती. तिचा श्वास चढलेला होता.

"ताई, काय आहे ते?"

"काही नाही."

"वन्सं, मी केर काढताना खुर्ची हलवली की खुळखुळ वाजायचं," बायको म्हणाली. "मला वाटायचं स्प्रिंगाच तुटल्यात."

भिंतीपाशी गेलेली गोटीही उचलून झाली. मग ताई फरशीवरूनच म्हणाली, "वर्गात जप्त केलेलं आहे. वर्ष संपताना घेऊन जा, असं सगळ्यांना सांगायचे. कुणी यायचे, कुणी नाही यायचे. नाही न्यायला आले त्यांचं टाकवेना. दोन ट्रंका कशाने भरल्या होत्या वाटलं तुला? लुगड्यांनी?"

खजिनदाराचे डोळे मिटलेलेच होते. "मग खुर्चीत कशाला?"

"फटीतून एकेक सोडायचे. रोज नाही, आठवण होईल तसं."

"अगं, पण मला दिलं असतंस तर! खाली कपाट आहे, एक सबंध फळी तुला दिली असती."

"तुला हातात दिलेलं कुठं आवडतं?" ताई म्हणाली. "लहानपणी खाऊ दिला की तोंड वाकडं, आणि तोच डब्यामागे लपवला की घर डोक्यावर घ्यायचास. तुला सापडायला लागतं. मी गेल्यावर खुर्ची उसवशील, चादर अंथरशील, तेव्हा सापडलं असतं. सगळा बेत फुकट गेला."

 त्याच्या मनात जे वर्षानुवर्षं होतं ते या घटकेला विचारलं नसतं तर पुन्हा कधी विचारता आलं नसतं. "आणि माझं कपाट? त्याच्याकडे तू कधी ढुंकूनही पाहिलं नाहीस."

"तू सोफे पोचवायला गेलास की रोज बघते."

"काय?"

"डोळे मीट. तू समोर असलास की लगेच सांगत सुटतोस, हे काय, ते कुठं. मला माझं मी ओळखायचं असतं. आणि त्या घोड्याला भिंतीकडे तोंड करून ठेवत जाऊ नकोस. दर वेळी मलाच फिरवावा लागतो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. घड्याळवाल्याची माफी मागायला हवी, एवढं त्याच्या लक्षात आलं.

ताईने सगळं एका उशीच्या अभ्र्यात भरलं. मग म्हणाली, "फुटलंच आहे बिंग, तर एक घे. न बघता." त्याने हात घातला. बोटांना काय काय लागलं, टोकदार, गुळगुळीत, केसाळ. मन दोनदा बदललं. शेवटी जे धरलं ते बाहेर काढून डोळे उघडले तर रबरी पाल होती.

"ती फळ्याच्या डस्टरखाली ठेवली होती," ताई म्हणाली. "किंचाळले मी. सगळा वर्ग हसला. कुणी ठेवली ते शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून परत करता आली नाही." आणि तिने अभ्र्याला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी पाल कपाटात गेली, ताईच्या खुर्चीच्या विटक्या हिरव्या कापडावर. सकाळी ताई खाली आली आणि नजर दरवाज्यावर ठेवून पेपर घेऊन वर गेली. खजिनदाराला पहिल्यांदाच त्याचं काही वाटलं नाही. थोड्या वेळाने त्याने जिन्यापाशी जाऊन मोठ्याने सांगितलं, "मी सोफा पोचवून येतो!" पोचवायचा एकही सोफा नव्हता. तो समोरच्या दुकानात जाऊन बसला, घड्याळवाल्याची माफी मागितली आणि स्वतःच्या दुकानाकडे पाठ करून चहा प्यायला. परत आला तेव्हा पालीचं तोंड घोड्याकडे वळलेलं होतं.

संध्याकाळी त्याने खुर्ची दुकानात घेतली. ताई स्टूल घेऊन शेजारी बसली, पहारा द्यायला. त्याने नवे पट्टे ताणून ठोकले, स्प्रिंगा बांधल्या, आणि ताई अभ्रा बैठकीत रिकामा करत होती तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. गावातले सगळे सोफे रिकामे करणाऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा एक खुर्ची भरलेली शिवली. आत काय आहे ते बघायची त्याला जन्मात कधी नव्हती एवढी ओढ लागली होती. आणि ते कधी सापडू नये असंही वाटत होतं, कारण सापडेल तेव्हा ताई नसेल.

त्याने खालून पट्ट्यांचा आणखी एक थर ठोकला. मग त्यावर तिसरा. बायको जेवायला बोलवायला आली ती बघतच राहिली.

"अहो, वन्सं केवढ्याशा," ती म्हणाली. "एवढे पट्टे कशाला? हत्ती बसणार आहे का?"

"उघडायला लागू नये म्हणून," तो म्हणाला आणि पुढचा खिळा हातात घेतला.