मागचा डावा कोपरा

आमच्या घरी पाहुणा आला की आधी कोपऱ्यातल्या स्पीकरला धडकतो आणि मग बसायला जागा शोधतो. चार कोपऱ्यांत चार स्पीकर आहेत. बायको त्यांना डब्बे म्हणते. मी ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरी करतो आणि हा माझा एकुलता एक खुळा शौक आहे. पन्नासेक वर्षांपूर्वी परदेशात काही संगीत चार स्पीकरांसाठी मुद्रित झालं, दोन समोर आणि दोन पाठीमागे. लोकांच्या घरी एवढे स्पीकर कुठले, म्हणून ते प्रकरण बारगळलं. आता त्याच जुन्या मुद्रणांच्या सीडी पुन्हा निघतात, चारही बाजूंचा आवाज वेगळा ठेवून. त्यांना साधा प्लेअर चालत नाही. घरात बोलणी खाऊन मी वेगळा आणला.

खरी गंमत पाठीमागच्या आवाजात असते. समोरचं वाजवणं कुठल्याही रेडिओवर ऐकता येतं, पण पाठीमागून कुणी हळूच वाजवलं की मानेवर काटा येतो. आमच्याकडच्या माणसाला तो काटा गाण्याबाहेरही ठाऊक असतो.

बायकोचं माहेर जंगलाला लागून आहे. मोहफुलांच्या दिवसांत आम्ही दोघं तिकडे जातो आणि उजाडता उजाडता सगळ्यांबरोबर वेचायला निघतो. वाट अरुंद, म्हणून एकामागे एक चालायचं. पुढचा काठी आपटत जातो. सगळ्यात मागच्याने बोलायचं नाही, फक्त मागचं ऐकायचं. मधूनमधून पुढचा "हाव?", म्हणजे 'हो ना?', असं विचारतो आणि मागच्याने तेवढंच "हाव" म्हणायचं. ते आलं की सगळे पुढे चालतात. तिथे वाघाचं नाव घेत नाहीत, 'तो' म्हणतात. 'तो' नेहमी मागून येतो.

ही मागची जागा माझी. साळ्यानेच दिली होती. "भाऊजी, तुमी चार डब्ब्यांचं गानं आयकनारे. तुमच्याएवढे कान कोनाचे हायेत? तुमीच मांगं राहा." मी फुशारून गेलो होतो.

यंदा माहेरी निघायच्या दोन दिवस आधी नवी सीडी आली. तिच्यात एक बारीक घंटी चारही कोपऱ्यांतून गोल फिरते, असं सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं. दुपारी मी मधोमध खुर्ची टाकून बसलो. घंटी समोर डावीकडे वाजली, जराशी मंद. मग समोर उजवीकडे, मग मागे उजवीकडे. मग काहीच नाही. थोड्या वेळाने पुन्हा समोर.

मी सीडीवाल्याला मनात चार शिव्या हासडल्या. उठून मागच्या डाव्या स्पीकरच्या तारा तपासल्या, त्याच्या पडद्यावर बोट ठेवलं. बोटाला थरथर लागत होती. बायको सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिला विचारलं, "इथून घंटी येते का?"

"येऊन राह्यली ना. काऊन?"

मी खुर्ची उलटी फिरवली आणि मागच्या भिंतीकडे तोंड करून बसलो. आता तो मुका स्पीकर माझ्या समोर उजवीकडे आला, आणि स्वच्छ वाजला. मघाशी जो समोर उजवीकडे खणखणत होता तो आता माझ्या मागे डावीकडे होता. तो मुका झाला.

मुकेपणा माझ्याबरोबर फिरला होता. खोट माझ्या डाव्या कानात होती.

मी घाबरलो. संगीत गेलं म्हणून नाही. मला मागच्या वर्षीची वाट आठवली. परतताना साळ्याने धुळीत पंजे दाखवले होते, आमच्या पावलांच्या डाव्या बाजूने, बरेच लांबवर. आम्ही गेल्यावर 'तो' आला असेल, असं सगळे म्हणाले. मीच सगळ्यात मोठ्याने सांगितलं होतं, की मागे काही असतं तर मला ऐकू आलं असतं. त्या वाटेवर माझ्या पुढे बायको चालत होती, तिच्यापुढे साळ्याच्या पोरी. माझ्या 'हाव'वर विसंबून. बायकोने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, तेव्हा सांगून टाकलं.

डॉक्टर म्हणाले, नस कमजोर झाली आहे, वयाने होतं. साळ्याला फोन केला. तो म्हणाला, "मंग मांगं कोन?"

बायको शेजारूनच म्हणाली, "मी."

तिला समजावून पाहिलं. यंदा जाऊच नको, असंही म्हणालो. ती म्हणाली, "झाडं आपली हायेत. फुलं कोन वेचन?" पुढे वाद चालला नाही.

मोहफुलं वेचायला निघालो त्या सकाळी मी तिच्या पुढे चालत होतो. साळ्याने काठी आपटत विचारलं, "हाव?"

"हाव."

आवाज आला तो उजवीकडच्या झाडांतून. मी दचकून मागे वळलो. बायको चार पावलांवर होती, वाटेच्या मधोमध. एकच कान धड असला की सगळे आवाज त्याच बाजूचे होतात, हे मला घरी खुर्चीत बसून कळलं नव्हतं. पुन्हा विचारणं झालं, पुन्हा उत्तर झाडांतून आलं, मी पुन्हा वळलो.

"पुढं पाहा जी," ती हळू म्हणाली. "मांगचं माह्यावर सोडा."

तिच्या मागे वाट रिकामी होती.

मी भराभर चालून साळ्याला गाठलं आणि म्हटलं, "जरा लवकर लवकर विचारत जा."

तो हसला नाही. त्याने लगेच विचारलं, "हाव?"

मी श्वास धरून थांबलो. मग उजवीकडच्या झाडांतून "हाव" आलं.