पुंजाचं चाक आधी पुंजा चालवतो

माझ्या नवऱ्याला, पुंजाला, अख्खा पेठ रोड ओळखतो. चोवीस वर्षं सायकल दुरुस्तीचं दुकान आणि चोवीस वर्षं एकच खोड. चाक कुणाचंही असो, बसवलं की आधी स्वतः चौकापर्यंत चालवून आणायचं, मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. शाळकरी पोरीची बारकी सायकल असली तरी गुडघे छातीला लावून निघायचा. लोक हसायचे, माझा जीव जळायचा. "सुलाबाई, माझ्या हातचं चाक हाय," म्हणायचा, "पडायचं तर आधी मी पडेन."

ही दोन हजार सातची गोष्ट. आमची तेजस्विनी तेव्हा एकोणीस वर्षांची, डोंगरावरच्या सायकल शर्यतीत उतरणार होती. म्हसरूळला, चामरलेणीच्या बाजूला, नुसती खडी आणि उतार. सायकल क्लबची आणि क्लब किशोर साहेबाचा. तोंडात साखर, डोक्यात हवा! भावानं परदेशातून पाठवलेले ट्यूबलेस टायर आणि तेजूची सायकल घेऊन तो दुकानात आला. "पुंजाभाऊ, हे बसवा. काटा घुसला तरी पोरगी थांबणार नाही."

पुंजानं रिमच्या आतून अंगठा फिरवला, मग टायरच्या कडेवरून फिरवला. "नाय बसवणार."

"अहो, दोन्हींवर सव्वीसच लिहिलंय की!"

"नवरानवरीची उंची जुळली म्हणजे सोयरीक जमली का साहेब? ह्या टायरची कड धरून ठेवायला रिमला आतून खाच लागती. ही रिम ट्यूबवाली. वळणावर कड सुटंल."

साहेब हसला. ते चाललं असतं. पण आमची कार्टी म्हणाली, "बाबा, तुम्हाला पंक्चरीपलीकडं काय कळतं?" ज्याच्या पंक्चरींवर कॉलेज शिकली, त्यालाच! तिथंच एक मुस्काटात द्यायची होती मला. दिली नाही, त्याचा राग अजून आहे.

साहेबानं चाकं उचलली आणि मोटारीच्या टायरवाल्याकडं नेली. रिमला आतून चिकटपट्टी लावली, कंप्रेसरनं हवा मारली. दुसऱ्या दिवशी मिरवत परत आला. "बघा भाऊ, रात्रभर हवा टिकली." शर्यत उद्यावर आलेली.

"शर्यतीत एवढीच हवा ठेवणार?" पुंजानं विचारलं.

"छे, खडीवर कमी ठेवतात. पकड येते."

"मग चला उताराला."

मी आणि तेजूही त्यांच्यामागं म्हसरूळला गेलो. तिथं पुंजानं हवा शर्यतीइतकी कमी केली आणि सायकलवर टांग टाकली. साहेब म्हणाला, "भाऊ, हे चाक तुम्ही कुठं बसवलंय?"

"चाक नाय बसवलं. पोरगी माझी हाय."

मी ओरडले, "मेल्या, उतर खाली!" ऐकतोय कुठला! पहिल्याच वळणावर फस्सकन आवाज झाला, टायर रिम सोडून बाजूला पडला आणि पन्नाशीचा माणूस खडीवर घसरत गेला. खांद्याजवळचं हाड मोडलं. साहेब पुटपुटला, "हवा जरा जास्तच कमी झाली असेल." मी पायातली चप्पल हातात घेतली, तेव्हा त्याचं तोंड बंद झालं. तेजू बापाचं डोकं मांडीवर घेऊन रडत बसली होती.

हात गळ्यात बांधून घरी आला, तरी त्याचं आपलं एकच. "जुने टायर आण. ट्यूब टाकायच्या." एका हातानं जमेना. मग मीच बसले. इतकी वर्षं बघत होते, हातांना सगळं ठाऊक होतं. तो नुसता सांगत राहिला, "व्हॉल्व्हजवळ दाब. कड सगळीकडं सारखी बसली का बघ."

सकाळी तेजू सायकल घ्यायला आली, तर हा बाबा गळ्यात हात अडकवून पुन्हा टांग टाकायला निघालेला! मी त्याला खसकन मागं ओढलं. "बस गपगुमान! चाक कुणी बसवलंय?"

लग्नानंतर त्यानंच शिकवलेली सायकल, वीस वर्षांत हात लावला नव्हता. लुगडं खोचलं आणि निघाले. गल्ली खदखदून हसली. हसा मेल्यांनो! दात-ओठ खात चौकापर्यंत गेले, वळले, परत आले. पुंजा ओट्यावरून चाकांकडं बघत होता, माझ्याकडं नाही.

तेजूच्या हातात हँडल दिलं. "पडायचं असतं तर मी पडले असते. जा आता."