पानाभोवतीची राख

माझ्या काकांनी एका माणसाच्या हातून एकामागून एक खून करवले. हे सगळं ग्वाल्हेरला, आमच्या जयेंद्रगंजातल्या भाड्याच्या घरात, पुढच्या खोलीतल्या खिडकीपाशी बसून, टाकाने आणि काळ्या शाईने. मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि त्या खुनांमधलं काळं भरायचं काम माझ्याकडे होतं. काका सावल्यांच्या कडा पेन्सिलीने आखून द्यायचे, मी ब्रशने आतली जागा भरायची. वर्गातल्या मुली उशांच्या अभ्र्यांवर पोपट भरत होत्या आणि मी मेलेल्या माणसांच्या सावल्या रंगवत होते, याचा मला भयंकर अभिमान होता.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नव्हतं, आमच्याकडेच राहत. संस्थान होतं तेव्हा ते सरकारी कचेरीत नकाशे काढत. मग संस्थान गेलं, मध्य भारत झाला, ग्वाल्हेरच्या आणि इंदूरच्या कचेऱ्या एकत्र आल्या आणि एका खुर्चीला दोन-दोन माणसं झाली. त्यातलं ज्यादा माणूस कोणतं, हे ठरवणाऱ्या खात्यात बाबा होते. नकाशांच्या जागेसाठी दोघे उरले, एक इंदूरचा आणि एक त्यांचा सख्खा भाऊ. भावाला ठेवलं असतं तर शहराच्या आमच्या सगळ्या लश्कर भागात बोभाटा झाला असता. बाबांनी भावाला काढलं. सचोटीचा माणूस म्हणून त्यांचं नाव झालं, आणि घरी दोघे भाऊ रोज शेजारी-शेजारी पाटावर बसून जेवत राहिले. त्या विषयावर दोघांत एक शब्द झालेला मी ऐकला नाही. बाबा वाईट नव्हते. तरी अशा सचोटीचा मला आजही राग येतो.

नई सडकेवरून तेव्हा एक लहानसं हिंदी साप्ताहिक निघायचं. त्याच्या संपादकांना रद्दीत अमेरिकन चित्रकथांची पुस्तकं सापडली होती, लढाईच्या वेळी परदेशी सोल्जरांनी टाकून दिलेली. त्यांत बुरखा घातलेले, हवेत उडणारे, भिंती फोडणारे वीर होते. संपादकांना तसं काहीतरी हवं होतं आणि काका रिकामे होते. त्यांनी एक उडणारा नायक काढून दिला. नायक यथातथाच होता, छाती ही एवढी आणि चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा. लोक अंक घ्यायचे ते खलपुरुषासाठी.

त्याला काकांनी नावच दिलं नाही. नाव ठेवलं की माणूस ओळखीचा होतो, म्हणायचे. उंच, किडकिडीत, बंद गळ्याचा कोट, आणि चेहरा कायम सावलीत, म्हणजे माझ्या ब्रशखाली. तो एकट्याने जेवणाऱ्या माणसांना मारायचा. कसा मारायचा ते काका कधी दाखवत नसत. नायक उडत यायचा, नेहमीप्रमाणे उशिरा, आणि त्याला दिसायचं भरलेलं ताट, ताटावर झुकलेलं डोकं आणि ताटाभोवती राखेचं एक गोल कडं.

हिंदी वाचकांना वाटलं, हा काही जादूटोणा असणार. आमच्या लोकांना तसं वाटलं नाही. आमच्याकडे सणाच्या पानाभोवती रांगोळी घालतात, पण श्राद्धाच्या दिवशी रांगोळी चालत नाही, तिथे भस्माची रेघ ओढतात. ते पान मेलेल्या माणसाचं असतं. पहिला अंक पाहिला तेव्हा आईने तो उलटा करून ठेवला. "भावजी, घरात बसून असलं काढू नये," एवढंच ती म्हणाली. काका हसले आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसरा माणूस मारला.

मग वाचकांची पत्रं यायला लागली, की हा मारतो का, याच्यावर काय गुजरली. संपादक हुशार. त्यांनी सांगितलं की आता याचा इतिहास येऊ द्या, पण उलटा. दर आठवड्याला आधीचा खून, मग त्याच्या आधीचा, असं करत शेवटच्या भागात त्याचा सगळ्यात पहिला बळी. अंक दुपटीने खपू लागला. चित्रांचे ठसे आग्र्याहून करून येत, त्यामुळे छापलेलं चित्र काकांच्या हातून पंधरा दिवस आधीच गेलेलं असे. इतिहास मागे मागे सरकू लागला तसा तो माणूस तरुण होत गेला, त्याच्या कोटाचा रंग उडालेला होता तो परत आला, आणि कळलं की तो एका नाहीशा झालेल्या राज्यात नकाशे काढायचा.

नकाशे तर आमचे काका काढायचे. मी भरत होते त्या सावल्यांकडे नीट बघायला लागले. ज्यांना तो मारत होता त्यांच्यात दर आठवड्याला काहीतरी ओळखीचं येत होतं. एकाने चष्मा कपाळावर ढकललेला होता. एकाच्या उजव्या करंगळीत अंगठी होती. एक जण जेवताना डावा गुडघा उभा करून बसला होता. बाबा तसेच बसायचे.

त्याच दिवसांत नव्या मध्य प्रदेशाचं ठरलं आणि राजधानी भोपाळला जाणार हे पक्कं झालं. लश्करात घरोघरी हेच, कोण जाणार, कोण राहणार. बाबांची कचेरी जाणार होती, म्हणजे आई, बाबा आणि मी जाणार होतो. काकांचं काय, हे कोणी विचारलं नाही. त्यांनीच एक दिवस सांगितलं की शिंदे की छावनीत एक खोली बघितली आहे. बाबा म्हणाले, "ठीक आहे." मला वाटलं, आता काहीतरी होणार.

शेवटच्या भागाचं चित्र काकांनी दार लावून काढलं. काळंही स्वतःच भरलं. मी दाराबाहेर घुटमळत होते.

"काय करून राहिलीस तिथे?" आतून आवाज आला.

"काका, सब से पहिला कोण होता? बता दो ना."

"तूच सांग."

"त्याचा मोठा भाऊ?"

आतला टाकाचा आवाज थांबला. "त्याला मोठा भाऊ आहे, हे तुला कोणी सांगितलं? मी तर अजून कुठे काढलेला नाही."

मी पळाले. आईला सांगावं तर काय सांगावं, चित्रातल्या माणसाचा गुडघा बाबांसारखा आहे म्हणून? बाबांना सांगण्याची तर सोयच नव्हती. निघायचा दिवस येईपर्यंत मी काकांच्या हातावर नजर ठेवली. भाकरी मोडताना, दौत बंद करताना, बाबांच्या कपात चहा ओतताना. त्या दिवसांत मला अन्न गोड लागलं नाही.

गाडी संध्याकाळची होती. दुपारी आईने साखरभात आणि कढी केली. सामान बांधून झालं होतं, देव तेवढे राहिले होते. पानं दोन मांडली, एक बाबांचं आणि एक काकांचं, आम्ही मागून बसणार होतो. रांगोळी घालणं माझं काम, पण मी डबा उघडला तेव्हा काका शेजारी येऊन बसले. "आज मी घालतो," म्हणाले. त्यांच्या उजव्या हातात माझा रांगोळीचा डबा गेला. डाव्या हातात आधीपासूनच देवघरातली भस्माची डबी होती.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होते. काका बाबांच्या पाटासमोर टेकले. त्यांनी चिमूट सोडली आणि फरशीवर पांढरी रेघ उमटली. रांगोळीच होती. नकाशे काढणाऱ्याचा हात, वेल असा नाजूक आला की मी तसा पुन्हा कुठे पाहिला नाही. माझ्या जिवात जीव आला. मग ते आपल्या पाटाकडे वळले, भस्माची डबी उघडली आणि स्वतःच्या पानाभोवती एका दमात राखेचं गोल कडं ओढलं.

आई वरण घेऊन बाहेर आली, तिने ते पाहिलं, भांडं तिथेच खाली ठेवलं आणि आत गेली ती बाहेर आलीच नाही. वाढायचं माझ्यावर आलं. बाबा हात धुऊन आले, पाटावर बसले. ताटाभोवती पाणी फिरवलं. "वा, वेल सुंदर झाला," म्हणाले, आणि जेवू लागले. काका हात मांडीवर ठेवून बसले होते. भाताला त्यांनी बोट लावलं नव्हतं. ते बाबांकडे बघत होते, आणि बाबा साखरभात खात होते. मग बाबांनी वाटी पुढे केली. कढी आणखी हवी होती.

मी बाबांना कढी वाढली. काकांच्या पानाशी आले आणि भांडं मुद्दाम कलतं केलं. कढी कड्यावरून वाहत गेली, राख भिजली, रेघ तुटली. बाबांनी मान वर केली नाही. काकांनी त्या ओल्या राखेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सांडली तर सांडली," ते म्हणाले. "कोई बात नाही." आणि त्यांनी भात कालवला.

भोपाळच्या नव्या घरात आम्ही नीट स्थिरावलोही नव्हतो तोच तो अंक टपालाने आला. आई बघायला तयार नव्हती. मी बाबांच्या खांद्यावरून पाहिलं. शेवटचं चित्र पूर्ण पानभर होतं. दोन पाट, दोन पानं. एकाभोवती वेलांची रांगोळी, आणि तिथे डावा गुडघा उभा करून बसलेला मोठा भाऊ. दुसऱ्या पानाभोवती राखेचं कडं आणि त्यात बसलेला तो, अगदी तरुण, पहिल्यांदाच चेहऱ्यावर सावली नसलेला. त्याचा पहिला बळी तो स्वतःच होता. शेजारी मोठा भाऊ जेवत होता. त्याने वाटी पुढे केलेली होती.

हे चित्र आमच्या त्या जेवणाच्या पंधरा दिवस आधी आग्र्याला गेलेलं होतं. बाबा काय करतील ते काकांना वाटीसकट माहीत होतं.

बाबांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि पान डोळ्यांजवळ नेलं.

"यात कढी सांडलेली नाही," ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं की त्यांनी सगळं पाहिलं होतं. राख पाहिली होती, न जेवता बसलेला भाऊ पाहिला होता, आणि ते जेवत राहिले होते. त्या क्षणी मला त्यांची चीडही आली आणि कीवही.

पुढच्या रजेत बाबा एकटेच ग्वाल्हेरला गेले. दोन दिवस राहतील असं वाटलं होतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे. आईने त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"भावजी भेटले?"

"भेटला. बराय. दुकानांच्या पाट्या रंगवतो. चहा केला त्याने."

"अहो, मग जेवलात कुठे?"

बाबा ओसरीवर बसून बूट सोडत होते. "नाही जेवलो," ते म्हणाले. "त्याने थांब म्हटलं नाही."