परड्यातला गुरुपाद

आमच्या तालमीचं नाव मी सांगत न्हाय. सांगितलं की दुसऱ्या पेठेचं कोनतरी भांडाय दारात येतंय, आन् माझ्यानं आता आरडणं व्हत न्हाय. फुटबॉलपायी कोल्हापुरात सख्खी भावकी तुटल्या, एवढं ध्यानात ठेवा म्हंजे झालं.

गुरुपाद माझा धाकटा भाऊ. शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर तोलार. मानूस ताजव्याच्या काट्यागत सरळ. तालमीच्या संघावर त्येचा जीव, पर नशीब बघा, आपल्या संघाचा एक गोल त्येनं डोळ्यानं बघितला न्हवता. ब्याण्णव साली स्टेडियमात चप्पल शोधाय खाली वाकला, तवर गोल झाला. पुढच्या म्याचला शेंगा आनाय गेला, गोल झाला. तिसऱ्या खेपेला डोळं फाडून बसला, तर तीन गोलनं हरलो.

"तुझी नजरच वंगाळ हाय!" मीच निकाल दिला. तवापास्नं घरात केबलवर फायनल लागली की गुरुपादची रवानगी मागच्या परड्यात. भिंतीला पाठ लावून पाटावर बसायचा. आत आरडा झाला की भायेरनं हाक यायची, "आक्का, काय झालं गं?"

"गोल! उठू नगंस तिथनं!"

आन् सोमवारी हाच गडी अडतीवर समदा गोल करून दाखवायचा. मधी गुळाची ढेप ठेवून, हा असा आला, त्येनं तसा पास दिला, असं सुरू. गूळ घेऊन आलेली मानसं गाडी उतरायची सोडून बघत बसायची. एकदा खरंच ढेपंवर लाथ बसली, अंगठा टम्म सुजला. तरी म्हनतोय, "बघण्यासारखा गोल हुता, पावणं!" खोटारडा कुठला! पर मी कवा त्येचं पितळ उघडं पाडलं न्हाय. परड्यात बसवनारी मीच की.

दोन हजार चार साली बसव जयंती आन् फायनल एकाच दिवशी आली. त्येची लेक प्रेरणा लगीन झाल्यावर पहिल्यांदाच नवऱ्याला घेऊन कागलवरनं सणाला आलती. पुरणपोळी, आमरस झाला, समदी टीव्हीफुडं बसली. गुरुपादनं गुमान पाट उचलला.

"मामा, कुठं निघालासा?" जावयानं, संगमेशनं, विचारलं.

गुरुपाद म्हनला, "जरा गुलबक्षीला पानी घालतो." भर उनात, दुपारी तीनला! मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हनला, "आक्का, जावई आलाय. आजच्या दिस बसू दे की. एक गोल बघतो, मग जलमभर बसतो परड्यात."

मी म्हनलं, "बस. पर आज हरलो तर..." फुडचं गिळलं.

आन् काय ती म्याच! आगंआई! चेंडू मैदानात कमी, बघ्यांत जास्ती. आमचा फॉरवर्ड पाच पोळ्या हानून आल्यागत पळत हुता. एकदा अख्खा गोल मोकळा, तर हा भाद्दर पाय घसरून चेंडूवरच बसला. जावई घोराय लागला. प्रेरणानं सांजंचा लसूण सोलून संपवला. गुरुपाद तेवढा पापणी न लवता बघत हुता.

शेवटची पाच मिंटं ऱ्हायली, तरी शून्य-शून्यच. जागी हुती त्यांच्या नजरा एकेक करून गुरुपादकडं वळल्या. त्येला कळलं. पाट काखेत मारून उठला.

"जातो आक्का. माझ्यापायी नको."

काय सांगू, मला माझाच राग आला. त्येचा सदरा धरला आन् खाली वढला. "बस गप! फायनल गेली खड्ड्यात!"

पुढच्याच मिंटाला कॉर्नर आला. आमचा बॅक उंच उडाला, डोकं लावलं आन् चेंडू जाळीत. आमच्याच.

घरात सुतक पडलं. गुरुपाद मातुर पाटावर उभा, डोळ्यांत पानी. "बघितला! आक्का, बघितला की गं! आपल्याच पोरानं मारला!"

"आरं मुडद्या, आपल्याच जाळीत मारला त्येनं!"

"असू दे की. पर काय उडाला!"

जावयाला हलवून उठवला आन् समदा गोल त्येला करून दाखवला. आम्ही हरलो, पर मी हसून हसून रडले.

दुसऱ्या वर्षी फायनलच्या दिवशी समदी परत जमली. म्या आपनहून म्हनलं, "गुरुपाद, आत बस." तर पाट घेऊन निघाला भायेर.

"नको आक्का. माझा बघून झालाय. आता पोरास्नी बघू दे."

मी थोडा येळ टीव्हीफुडं बसले, पर मन लागंना. दुसरा पाट घेतला आन् परड्यात जाऊन त्येच्या शेजारी भिंतीला टेकले. तेवढ्यात आत आरडा झाला, आन् आमी दोघं एकदमच वरडलो, "प्रेरणा, काय झालं गं?"